पुरुषत्व : शाप, शिक्षा आणि औषध

मराठी वाङ्मयात अमुक एक विषय आलेलाच नाही, असे कोणी म्हटले की आपण मराठी माणसे थोडीशी दुखावतो आणि लगेच ग्रंथनामांची माळ ओढू लागतो. परप्रांतात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना तर ही सवय जरा अधिकच जडलेली असते. गेल्या आषाढात आमच्यावर अशीच माळ ओढण्याची पाळी आली आणि मणी फारच थोडे निघाले. त्या अनुभवाचा हिशेब वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बेंगळुरूच्या इंदिरानगरात, बाराव्या मेन रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका घरी महिन्यातून एकदा आमचे वाचनमंडळ जमते. दहाबारा माणसे, चहा-चिवडा आणि एखादे पुस्तक, एवढाच त्याचा संसार. त्या संध्याकाळी बाहेर पाऊस लागला होता. बोलणे साहजिकच पावसाळी कवितेवर गेले आणि तेथून मृद्गंधावर आले. मंडळात नव्यानेच येऊ लागलेला २३ वर्षांचा एक तरुण मध्येच म्हणाला, "काका, मातीला खरंच वास येतो का? मला वाटायचं, तो कवींचा अलंकार आहे." सगळे हसले. तो हसला नाही.

मंडळी पांगल्यावर तो मागे राहिला आणि सांगू लागला. त्याला जन्मापासून गंधज्ञान नाही. त्याच्या बरोबरीच्या मुलांचे आवाज फुटले, ओठांवर लव आली, तेव्हा त्याचे शरीर होते तेथेच थांबले. वसतिगृहात त्याला काय काय नावे ठेवली गेली, ती त्याने सांगितली नाहीत, आम्हीही विचारली नाहीत. येथे नोकरीला लागल्यावर स्वतःच्या कमाईतून तो अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे गेला, निदान झाले, आणि टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुरू होऊन तेव्हा चार महिने लोटले होते. घरी काहीच ठाऊक नव्हते. "मराठीत सांगायला शब्दच नाहीत मला," तो म्हणाला. "काका, माझ्यासारखा कोणी ज्यात आहे, असं एक मराठी पुस्तक सांगाल?" त्याच्या संमतीने, ओळखीच्या सर्व खुणा गाळून, हे आम्ही येथे लिहीत आहोत.

प्रथम त्याच्या विकाराची हकीकत. या अवस्थेला वैद्यकात काल्मन यांचे नाव आहे. त्यांनी १९४४ साली गंधहीनता आणि न आलेले तारुण्य ही जोडी एकाच कुटुंबातील अनेकांत दिसते, असे दाखवून दिले. या दोन गोष्टींचा संबंध काय, असे कोणालाही वाटेल. तो गर्भावस्थेतला आहे. तारुण्याचा निरोप देणाऱ्या मेंदूतील पेशी मुळात नाकाच्या भागात जन्मतात आणि गंधाच्या मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूत पोचतात. ती वाटच नीट घडली नाही, तर गंधही पोचत नाही आणि त्या पेशीही पोचत नाहीत. मग मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी निरोपाची वाट पाहत बसते आणि वृषणग्रंथी तिच्या निरोपाची. पत्र पोचविणारा आहे, वाचणारा आहे, लिहिणाराच नाही, अशी ही स्थिती. हा स्वभावाचा दोष नव्हे, पूर्वकर्माचा नव्हे आणि तरुणपणच्या कोणत्याही सवयीचा तर मुळीच नव्हे.

उपायाचा इतिहास कथेसारखा आहे. १८४९ साली गटिंगेन येथे बेर्टोल्ट यांनी खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवून पाहिले आणि त्यांचे तुरे व आरव परत आले. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण तरुण झालो असे जाहीर केले. तो बहुधा मनाचाच खेळ होता. १९३५ साली ॲमस्टरडॅम येथे लाकर यांच्या प्रयोगशाळेने बैलांच्या वृषणांतून ते द्रव्य शुद्ध स्वरूपात काढले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते स्वतंत्रपणे तयार केले, आणि १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्या दोघांच्या नावे जाहीर झाले. आज ते द्रव्य तेलात मिसळून काही आठवड्यांच्या अंतराने स्नायूत टोचतात. अशा तरुणांना प्रथम अल्प मात्रा देतात, मग ती हळूहळू वाढवितात. आवाज उतरतो, दाढी येते, आणि दिसत नाही तरी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ठिसूळ होत चाललेली हाडे सावरतात. रक्त फार दाट होत नाही ना, हे अधूनमधून तपासावे लागते. या द्रव्याने अपत्यप्राप्तीची शक्ती मात्र येत नाही. त्यासाठी पुढे वेगळ्या संप्रेरकांची योजना करतात आणि ती अनेकांत फळते. हरपलेला गंध मात्र कशानेच येत नाही.

ही सारी माहिती तरुणाला होती, पण ती इंग्रजीत होती. मराठीत त्याच्यापाशी काय होते? षंढ, नपुंसक, बायल्या, 'बांगड्या भर' हा आपला लोकप्रिय उपदेश, आणि तत्सम शिव्या. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात युद्धास नकार देणाऱ्या अर्जुनाला 'क्लैब्य' हा शब्द ऐकावा लागला, आणि तेव्हापासून शरीराची एक अवस्था आणि मनाचा भेकडपणा यांची आपण जी गाठ मारली, ती अद्याप सुटलेली नाही. निष्क्रिय सरकारला षंढ म्हणणे हा आमच्या वृत्तपत्रीय आवेशाचा ठरलेला अलंकार आहे. तो वापरणाऱ्याच्या मनात कोणी रुग्ण नसतो हे खरे. परंतु वाचणाऱ्यांत तो असतो. गंमत अशी की, आमचे व्याकरण आमच्या वक्त्यांपेक्षा उदार आहे. मूल, घर, दूध, पाणी, आकाश, मन, ही सारी त्याने नपुंसकलिंगात बसविली आणि त्यांची प्रतिष्ठा रतिभरही उणी केली नाही.

आता वाङ्मयाकडे वळू. पहिला आठव बृहन्नडेचा. उर्वशीच्या शापाने अर्जुन एक वर्ष पुरुषत्वावाचून विराटाच्या घरी राहतो, वेणी घालतो, उत्तरेला नृत्य शिकवितो. कथा सुंदर आहे. पण ती आपल्याला सुसह्य का होते, याचा विचार करावा. स्मशानाजवळच्या शमीवर गांडीव टांगलेले आहे, हे आपल्याला ठाऊक असते. वर्ष संपताच ते खाली उतरणार, ही खात्री हातात धरून आपण बृहन्नडेकडे कौतुकाने पाहतो. आपले कौतुक बृहन्नडेचे नसते. तिच्या आड दडलेल्या धनुर्धराचे असते.

हीच युक्ती अर्वाचीन मराठी कादंबरीतही कशी टिकून आहे, हे आनंद यादवांच्या 'नटरंग'मध्ये दिसते. कुस्तीचा नाद असलेला, पिळदार देहाचा मजूर गुणा तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो आणि गाव, घर, समाज त्याच्यावर उलटतो. पुरुषत्व ही देहात असलेली वस्तू नसून चालण्याबोलण्याच्या लकबींवर समाजाने बसविलेली पाटी आहे, हे यादवांनी फार समर्थपणे दाखविले. २०१० साली आलेल्या रवी जाधव यांच्या चित्रपटामुळे ही कथा घरोघर पोचली. तिचे मोठेपण आम्ही नाकारीत नाही. तथापि गुणाच्या देहाविषयी वाचकाला क्षणभरही शंका येऊ दिलेली नाही. हा मुळात पैलवान आहे, जे करतो आहे ते कलेसाठी करतो आहे, हे आश्वासन आपल्यापाशी सतत असते. त्या आश्वासनाच्या मोबदल्यात आपली सहानुभूती मिळविलेली आहे. येथेही शमीच्या झाडावर गांडीव आहेच. मग ज्याच्या शमीवर काहीच टांगलेले नाही, त्याने कोणाकडे पाहावे?

दुसरी परंपरा शिक्षेची. जयवंत दळवींच्या 'पुरुष' नाटकात सत्तेच्या मदाने बलात्कार करणाऱ्या गुलाबरावाचे पुरुषत्वच अंबिका शेवटी हिरावून घेते. ते नाटक पाहताना प्रेक्षागृहातून उठणाऱ्या टाळ्या न्याय्य होत्या, असेच आम्हांस वाटते. परंतु त्या टाळ्यांत एक गृहीतक दडलेले आहे. पुरुषाला देता येणारी सर्वांत मोठी शिक्षा म्हणजे त्याला 'तसा' करणे. शेजारच्या कन्नड रंगभूमीवर चंद्रशेखर कंबारांचे 'जोकुमारस्वामी' हे नाटकही याच वाटेने जाते. त्यातला जुलमी गौडा निर्वीर्य आहे, त्याची जमीन आणि त्याची पत्नी दोन्ही ओस आहेत, आणि जीवनाचा जोम कष्टकरी बसण्णाकडे आहे. कंबारांचे नाट्य जिवंत आहे, त्यातील लोकविधीचा वापर तर अनुकरणीय आहे. मात्र सरंजामशाहीचे वांझपण दाखविण्यासाठी एका शारीरिक अवस्थेला साक्षीदार म्हणून उभे केले आहे, आणि त्या साक्षीदाराला स्वतःचे म्हणणे विचारलेले नाही.

येथे कोणी म्हणेल की, वाङ्मय म्हणजे काही रुग्णालयाची नोंदवही नव्हे, आणि प्रत्येक व्याधीवर एक कादंबरी असलीच पाहिजे असा आग्रह धरणे रसिकपणाचे नाही. आम्हांस हे पूर्ण मान्य आहे. आमचा आक्षेप अनुल्लेखाला नाही. आम्ही बोट ठेवतो ते उसनवारीवर. लेखक जेव्हा एखाद्या खऱ्या देहाच्या खऱ्या दुःखातून प्रतीक उचलतो, तेव्हा तो कर्ज घेत असतो. क्षयाचे कर्ज आमच्या लेखकांनी पूर्वीच फेडले. क्षयरोगी माणसाची कूस, त्याची खोकल्याने मोडलेली रात्र आणि घरच्यांची भीती त्यांनी लिहून ठेवली. या विषयात मात्र शतकानुशतके कर्ज घेणे चालू आहे आणि परतफेडीचा एक हप्ताही दिसत नाही.

एक अपवाद आम्ही आदराने नोंदवितो. सतीश आळेकरांच्या 'बेगम बर्वे'तील बर्वे हा संगीत रंगभूमीवर किरकोळ स्त्रीभूमिका केलेला, आता उदबत्त्या विकणारा म्हातारा नट. त्याच्या शमीवर गांडीव नाही. तो कधीही मोठा नव्हता, मोठा होणार नाही. जुन्या नाट्यपदांच्या आधाराने तो स्वतःला स्त्री कल्पितो, संसार कल्पितो, मूलही कल्पितो. आळेकर त्याची थट्टा करू देतात, पण हसणाऱ्याच्या घशात ते हसू अडकवितात. १९७९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात प्रथमच एका माणसाकडे 'हा पुरुष आहे की नाही' या प्रश्नाच्या पलीकडून पाहिले गेले, असे आमचे मत आहे. पण बर्वेची इच्छा वेगळी आणि या तरुणाची वेगळी. बर्वेला आपल्या देहातून सुटून जावयाचे आहे, तर या तरुणाला आपल्या देहात प्रवेश करावयाचा आहे. दोघांचे एकटेपण मात्र सख्खे भाऊ शोभावे असे आहे.

गिरीश कार्नाड बेंगळुरूचेच रहिवासी होते, म्हणून आम्ही तरुणाच्या हाती 'हयवदन' ठेवले. खानोलकरांनी ते मराठीत आणले आहे. देवदत्ताचे मस्तक कपिलाच्या धडावर बसते, आणि काही काळाने ते बळकट धड मस्तकाच्या वळणावर जाऊन पुन्हा मऊ पडते. देहावर मस्तकाचे राज्य, हा त्याचा निष्कर्ष. त्याने ते दोन रात्रींत वाचले आणि परत देताना म्हणाला, "नाटक छानच आहे, काका. पण माझं उलटं झालंय. आधी धड बदललं आणि आता डोकं त्याच्यामागून धावतंय." त्याला झोप वेगळी येऊ लागली होती, राग नव्या जागी येत होता, आरशापुढे वस्तरा धरताना तेवीस वर्षांच्या माणसाला पंधरा वर्षांच्या मुलाची लाज वाटत होती. एक नवी भीतीही होती. हे सारे औषधाचे की माझे? या एका प्रश्नात 'हयवदन'ला जोड देईल असे नाटक आहे. कार्नाडांनी पूर्णत्वाचा शोध घेतला आणि तो हास्यास्पद ठरविला. या तरुणाला पूर्णत्व नको आहे. त्याला वेळेवर न आलेली एक साधी गोष्ट उशिरा का होईना हवी आहे, आणि ती आल्यावर आपण आपणच राहू ना, एवढेच विचारावयाचे आहे.

या विषयावर मराठी गद्य मुळीच नाही, असे म्हणणे मात्र चुकीचे होईल. भरपूर आहे. ते रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर आहे, वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर आहे. 'गुप्त', 'हमखास', 'जोश', 'निराश होऊ नका' हे त्याचे शब्दभांडार. समीक्षकाच्या नजरेने पाहिल्यास या गद्याचे एक तंत्र ध्यानात येते. ते प्रथम वाचकाला अपराधी ठरविते आणि मग क्षमा विकावयास काढते. आपल्याकडे वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक मानलेले आहे, चरकाने त्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला. म्हणजे विषय प्राचीन ग्रंथकारांना बोलण्यासारखा वाटत होता. तो भिंतीवर ढकलला, तो आपणच. आणि आता भिंतीवरची भाषा व्यायामशाळांत शिरली आहे. ज्यांच्या शरीरात काहीही उणे नाही असे तरुण दंड फुगविण्यासाठी हेच द्रव्य परस्पर टोचून घेतात. बाहेरून आयता पुरवठा होताच शरीर आपले उत्पादन थांबविते, शुक्रनिर्मिती घटते, आणि ती पूर्ववत व्हावयास महिनेच्या महिने जातात. म्हणूनच जाणते डॉक्टर लक्षणे पाहून, सकाळच्या वेळी एकाहून अधिक वेळा रक्त तपासून, मगच औषध देतात. एकाला जे औषध आहे तेच दुसऱ्याला व्यसन होते. हा भेद स्पष्ट करील असे स्वच्छ मराठी गद्य नसेल, तर तरुणांनी तो भिंतीवरून शिकावा अशी आपली अपेक्षा आहे काय?

असे गद्य लिहिणारा एक माणूस मराठीत होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालविले. कामजीवनाविषयी वाचक प्रश्न विचारीत आणि ते छापून उत्तर देत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. अजित दळवींचे 'समाजस्वास्थ्य' हे नाटक आणि अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट यांनी त्यांची स्मृती जागी केली, हे चांगलेच झाले. परंतु स्मारके उभी राहिली, शैलीचा वारस मात्र निघाला नाही. कर्व्यांच्या गद्यात लालित्य नाही, कोरडेपणा आहे. प्रश्न विचारणाऱ्याची उशीशी घालविलेली रात्र त्यात क्वचितच दिसते, ही त्याची मर्यादा. पण त्यात एक गुण असा आहे की, त्यापुढे पुष्कळसे लालित्य फिके पडावे. वाचकाला लाज न वाटता ते वाचता येते. अवयवाला अवयव, रोगाला रोग आणि औषधाला औषध म्हणण्याचे धैर्य म्हणजेच त्या गद्याचे सौंदर्य. कर्व्यांची निःसंकोच स्पष्टता आणि आळेकरांची करुणा ज्याच्या ठायी एकवटेल, तो या विषयाचा मराठी लेखक. तो अजून लिहावयाचा आहे.

तोवर काय? तरुणाने जे केले, ते सांगून हा लेख संपवितो. भाद्रपदात एका रविवारी त्याने सीमाभागातल्या आपल्या गावी फोन केला. आईने उचलला. तो "आई" म्हणाला, तर पलीकडून प्रश्न आला, "कोण बोलतंय?" तिला वाटले, मुलाच्या खोलीतला दुसरा कोणी आहे, त्याला काही झाले की काय. तो पुन्हा म्हणाला, "अगं, मीच." मग पलीकडे काही वेळ शांतता. आम्हांला सांगताना तो म्हणाला की, त्या शांततेत त्याने मनातल्या मनात सगळे मराठी शब्द चाळले आणि एकही हाती लागेना. शेवटी त्याला आपल्या घराचे ताट आठवले. त्याचे वडील मधुमेही आहेत. जेवणापूर्वी सदऱ्याचे टोक वर करून इन्सुलिन टोचून घेतात, आणि त्यावेळी ताटावर बसलेल्या कोणाचेही बोलणे थांबत नाही. इन्सुलिन १९२१ साली सापडले. तेही संप्रेरकच. शंभर वर्षांत ते मराठी घरात इतके रुळले की, लोणच्याच्या बरणीशेजारी त्याची पेटी असते.

त्याने आईला सांगितले, "बाबांच्या शरीरात इन्सुलिन पुरेसं तयार होत नाही, म्हणून ते टोचून घेतात ना? तसंच माझ्या शरीरात एक द्रव्य तयार होत नव्हतं. ते मी आता टोचून घेतो. म्हणून आवाज बदललाय."

ती माउली थोडी थांबली आणि म्हणाली, "दुखतं का रे फार?"

तिच्या त्या प्रश्नात शाप नाही, शिक्षा नाही, दडलेल्या गांडीवाची चौकशीही नाही. मराठी भाषेला हे बोलता येत नाही, असे म्हणण्याची सोय या मायलेकरांनी आमच्यापुढे ठेवलेली नाही. तरुणाने मागितलेले पुस्तक आम्ही त्याला देऊ शकलो नाही. ते लिहिण्याची ज्यांची पात्रता आहे, त्यांनी आपली पहिली ओळ कोठून उचलावी, एवढे मात्र आता आम्ही सांगू शकतो.